एका घटनेच्या दोन तारखा : १८४५ ते १८६५ या काळाचा समांतर कालपट कसा तयार करावा

१४ नोव्हेंबर १८५४, मंगळवार. या दिवशी लंडनमधील वाचक ‘टाइम्स’मध्ये क्रिमियन युद्धातील बालाक्लावा येथील ब्रिटिश घोडदळाच्या हल्ल्याचे वार्ताहर विल्यम हॉवर्ड रसेल यांनी पाठवलेले वर्णन वाचत होते. प्रत्यक्षात तो हल्ला २५ ऑक्टोबरलाच होऊन गेला होता. वाचकांचे लक्ष ज्या बंदराकडे लागले होते, त्याच बंदरावर त्या मंगळवारी भयंकर वादळ कोसळले आणि सैन्यासाठी हिवाळी कपडे घेऊन आलेले ‘प्रिन्स’ हे जहाज खडकांवर आपटून बुडाले. लंडनमध्ये त्या दिवशी याची कोणालाही कल्पना नव्हती. त्या काळातील कोणतीही घटना मनात नीट बसवायची असेल, तर ती केव्हा घडली आणि ज्यांना निर्णय घ्यायचे होते त्यांना ती केव्हा कळली, या दोन्ही तारखा शेजारीशेजारी मांडाव्या लागतात. हे मार्गदर्शन त्या मांडणीविषयी आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरील पुस्तके ग्रंथालयात बहुधा तीन निरनिराळ्या कपाटांत सापडतात: शोधमोहिमा एकीकडे, विज्ञान दुसरीकडे आणि युद्धे तिसरीकडे. त्या काळातील माणसे, जहाजे आणि पैसा मात्र या तिन्ही क्षेत्रांत सहजपणे ये-जा करत असत. त्यामुळे तिन्ही क्षेत्रांच्या नोंदी एकाच तक्त्यात आणल्याशिवाय त्यांचे परस्परसंबंध दिसत नाहीत.

सीमा आणि रकाने

आरंभ १८४५ पासून करावा, कारण त्या वर्षी मे महिन्यात सर जॉन फ्रँकलिन यांची जहाजे आर्क्टिककडे निघाली, ती परतलीच नाहीत आणि पुढील दीड दशक त्यांच्या शोधाने व्यापले. शेवट १८६५ ला करावा. अमेरिकेतील यादवी युद्ध त्या वर्षी संपले आणि हिंदुस्थान व युरोप तारेने जोडले गेले. याहून मोठा काळ घेतल्यास तक्ता अर्ध्यावर सोडून देण्याचीच शक्यता अधिक. पहिल्या फेरीत तीस-चाळीस नोंदी पुरेशा आहेत. त्या तिन्ही क्षेत्रांतून निवडाव्यात, मात्र समसमान निवडण्याचा अट्टाहास करू नये.

प्रत्येक ओळीत पुढील रकाने असावेत: घटना, ठिकाण, मूळ नोंदीतील तारीख जशीच्या तशी, ग्रेगोरियन तारीख, बातमी कोठे व केव्हा पोहोचली, कोणत्या साधनाने पोहोचली आणि नोंद कोणी केली. मूळ तारखेच्या रकान्यातील मजकुरात कधीही दुरुस्ती करू नये. ती चुकीची आहे असे वाटले, तरी दुरुस्ती शेजारच्या रकान्यात करावी.

संगणकावर तक्ता करणाऱ्यांनी एक गोष्ट आधीच ध्यानात घ्यावी. एक्सेल १९०० पूर्वीच्या तारखा तारीख म्हणून ओळखत नाही. त्या तो साधा मजकूर समजतो, आणि दिवस आधी लिहिण्याची आपली सवय असल्यामुळे क्रमवारी लावताच सगळा तक्ता विस्कटतो. म्हणून तारीख वर्ष, महिना, दिवस या क्रमाने आणि एकेरी अंकाआधी शून्य घालून लिहावी. दोन तारखांमधील दिवस मोजायचे असतील, तर वर्षात ४०० मिळवून तारीख लिहावी, म्हणजे १८५४ ऐवजी २२५४. ग्रेगोरियन पंचांग दर ४०० वर्षांनी वारांसकट तंतोतंत तसेच फिरून येते, त्यामुळे दिवसांचे अंतर आणि वार दोन्ही अचूक मिळतात. वर्तमानपत्राच्या जुन्या अंकावर वार छापलेला असतो. तो या रीतीने काढलेल्या वाराशी जुळला नाही, तर आपण नकलून घेतलेल्या तारखेत कोठेतरी गफलत आहे असे समजावे.

पंचांगाचे गणित

रशियात त्या काळी ज्युलियन पंचांग चालत असे आणि एकोणिसाव्या शतकात ते ग्रेगोरियन पंचांगाच्या १२ दिवस मागे होते. म्हणून बालाक्लावाची लढाई रशियन कागदपत्रांत १३ ऑक्टोबरची असते. हे रूपांतर सोपे आहे. अडचण अशी की एकाच पुस्तकात काही तारखा रूपांतरित आणि काही मूळ अशी सरमिसळ आढळते, आणि लेखकाने ती सांगितलेलीच नसते. अशा वेळी त्या पुस्तकातील एखादी सर्वपरिचित तारीख ताडून पाहावी आणि मगच इतर तारखांवर विसंबावे.

रशियाच्या ताब्यातील अलास्का हे याहून गुंतागुंतीचे प्रकरण आहे. तेथे ज्युलियन पंचांग होते आणि शिवाय दिवस आशियाच्या बाजूने मोजला जाई, म्हणजे वार अमेरिकेपेक्षा एकने पुढे असे. १८६७ मध्ये तो प्रदेश अमेरिकेकडे गेला, तेव्हा एका शुक्रवारनंतर दुसराही शुक्रवारच आला, पण तारखेत मात्र ११ दिवसांचीच उडी पडली. पॅसिफिकमधील कोणत्याही नोंदीला हात लावण्यापूर्वी त्या ठिकाणी दिवस कोणत्या बाजूने मोजला जात होता, हे पाहून घ्यावे.

सरावासाठी मी शिमोदा येथील घटना सुचवीन, कारण तिन्ही क्षेत्रे आणि ग्रेगोरियन, ज्युलियन व जपानी अशी तीन पंचांगे इतक्या नेमकेपणाने एकत्र आलेले दुसरे उदाहरण मला माहीत नाही. क्रिमियन युद्ध चालू असताना रशियन ॲडमिरल पुत्यातिन जपानशी तह करण्यासाठी ‘डायना’ ही फ्रिगेट घेऊन शिमोदाच्या बंदरात आले होते आणि ब्रिटिश व फ्रेंच जहाजे पॅसिफिकमध्ये रशियन जहाजांच्या मागावर होती. २३ डिसेंबर १८५४ रोजी सकाळी मोठा भूकंप झाला, त्यामागून त्सुनामीच्या लाटा आल्या आणि ‘डायना’चे इतके नुकसान झाले की काही आठवड्यांत ती बुडाली. रशियन नोंदीत ही तारीख ११ डिसेंबर आहे; जपानी नोंदीत ती काएई कालखंडाच्या सातव्या वर्षातील अकराव्या महिन्याचा चौथा दिवस आहे. तरीही हा भूकंप ओळखला जातो तो ‘आन्सेई’ या नावाने, कारण अशा आपत्तींनंतर काही आठवड्यांतच कालखंडाचे नाव बदलून आन्सेई करण्यात आले. कालपटात काएई आणि आन्सेई अशा दोन नावांखाली एकच भूकंप दोनदा शिरण्याची शक्यता असते, ती येथे.

या घटनेच्या दुसऱ्या तारखेचा प्रकार फारच वेगळा आहे. त्याच लाटा सुमारे बारा तासांनी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर पोहोचल्या आणि सॅन फ्रान्सिस्को व सॅन दिएगो येथे अमेरिकेच्या किनारा सर्वेक्षण खात्याने बसवलेल्या भरतीमापक यंत्रांच्या कागदावर त्यांच्या रेषा आपोआप उमटल्या. जपानातील भूकंपाची बातमी तेथे अद्याप कोणाकडेही नव्हती. पुढे खात्याचे प्रमुख अलेक्झांडर डलास बाख यांनी लाटांना लागलेल्या वेळेवरून पॅसिफिक महासागराची सरासरी खोली दोन हजार फॅदमांहून (एक फॅदम म्हणजे सहा फूट) अधिक असल्याचे गणिताने दाखवले. दोन किनाऱ्यांवरील नोंदी जुळवल्या, एवढ्यावरच हे साधले. इकडे जपानात हेदा या गावी रशियन खलाशी आणि जपानी सुतार यांनी मिळून नवे गलबत बांधले आणि ७ फेब्रुवारी १८५५ रोजी शिमोदा येथे तहही झाला.

बातमीची वाट

दुसरी तारीख शोधताना ‘लंडनला केव्हा कळले’ एवढ्यावर थांबू नये. १८५७ च्या उठावाचे उदाहरण घ्यावे. मेरठ येथे १० मे रोजी उठाव झाला. दुसऱ्या दिवशी दिल्लीहून अंबाल्याला तार गेली आणि पंजाबातील अधिकारी सावध झाले. लंडनला बातमी पोहोचण्यास जूनचा शेवटचा आठवडा उजाडला, कारण ती मुंबईहून बोटीने सुएझ, तेथून जमिनीवरून अलेक्झांड्रिया, पुन्हा बोटीने युरोपचा किनारा आणि तेथून तारेने अशी गेली. चीनवरील स्वारीसाठी निघालेले लॉर्ड एल्गिन यांना मात्र ती जूनच्या सुरुवातीसच सिंगापूरला मिळाली आणि त्यांनी आपले सैन्य कलकत्त्याकडे वळवण्याचा निर्णय तेथेच घेतला. म्हणजे लंडनच्या मंत्रिमंडळाला उठावाची खबर लागण्याआधीच दुसऱ्या अफू युद्धाचे वेळापत्रक बदलून गेले होते. कालपटात ही घटना एकाच तारखेखाली ठेवली, तर हा क्रम हरवतो.

तारायंत्र आल्यावर हे अंतर सगळीकडे सारखेच कमी झाले, असे गृहीत धरू नये. एप्रिल १८५५ मध्ये काळ्या समुद्राखालून वार्ना ते बालाक्लावा अशी तार टाकली गेली आणि लंडन व पॅरिस येथील मंत्री थेट सेनापतींना प्रश्न विचारू लागले, ज्याचा सेनापतींना उपद्रवच अधिक झाला. ऑगस्ट १८५८ मध्ये अटलांटिकखालची पहिली तार जोडली गेली. तिच्यावरून व्हिक्टोरिया राणीचा ९८ शब्दांचा संदेश पाठवण्यास सुमारे १६ तास लागले आणि काही आठवड्यांतच ती बंद पडली. तरीही तेवढ्या अवधीत, हिंदुस्थानातील युद्धासाठी कॅनडातून दोन पलटणी परत बोलावण्याचा आधीचा हुकूम तिच्यावरून रद्द करता आला आणि सुमारे ५०,००० पौंड वाचल्याचे सांगण्यात आले. टिकाऊ तार १८६६ मध्येच पडली.

मधल्या काळात तार नसण्याचा परिणाम ‘ट्रेंट’ प्रकरणात दिसतो. ८ नोव्हेंबर १८६१ रोजी अमेरिकी युद्धनौकेने या ब्रिटिश टपालबोटीवरून यादवी युद्धातील बंडखोर दक्षिणेच्या दोन वकिलांना पकडून नेले. लंडनला ते २७ नोव्हेंबरला कळले आणि ब्रिटनचा खलिता वॉशिंग्टनला पोहोचेपर्यंत १८ डिसेंबर उजाडला. दरम्यान मरणपंथाला लागलेल्या प्रिन्स अल्बर्ट यांनी त्या खलित्याची भाषा सौम्य करून घेतली होती. दोन्ही बाजूंना शांत होण्यास वेळ मिळाला आणि डिसेंबरअखेर वकिलांना सोडण्याचे ठरले. अशा नोंदीसाठी बातमीचा रकाना दुहेरी करावा: बातमी गेली केव्हा आणि उत्तर आले केव्हा.

एक कागद जवळून

कालपटातील काही ओळी एखाद्याच कागदावर उभ्या असतात. तो कागद कसा वाचावा, हे फ्रँकलिन मोहिमेच्या चिठ्ठीवरून शिकण्यासारखे आहे. ब्रिटिश नौदल अशा मोहिमांना छापील अर्ज देत असे. त्यावर जहाजाचे नाव, तारीख आणि अक्षांश-रेखांश लिहिण्यासाठी मोकळी जागा आणि खाली सहा भाषांत, सापडल्यास हा कागद नौदल खात्याकडे पाठवावा, अशी विनंती असे. किंग विल्यम बेटावर दगडांच्या राशीत मिळालेल्या अशा अर्जावर दोन नोंदी आहेत. पहिली २८ मे १८४७ ची असून ती सर्व ठीक असल्याचे सांगते. दुसरी २५ एप्रिल १८४८ ची आहे आणि ती त्याच कागदाच्या कडेने, उरलेल्या समासात फिरवून लिहिलेली आहे: जहाजे २२ एप्रिल रोजी सोडून दिली, १०५ माणसे किनाऱ्यावर उतरली, फ्रँकलिन ११ जून १८४७ रोजी वारले आणि तोपर्यंत ९ अधिकारी व १५ खलाशी मरण पावले होते. म्हणजे ‘सर्व ठीक’ लिहिल्यानंतर अवघ्या दोन आठवड्यांत मोहिमेचा प्रमुख गेला होता.

आता पहिल्या नोंदीतील एक तारीख बारकाईने पाहावी. मोहिमेने बीची बेटावर १८४६-४७ चा हिवाळा काढला, असे तीत लिहिले आहे. ते चूक आहे. तो हिवाळा १८४५-४६ चा होता. हे कळते ते बीची बेटावर १८५० मध्ये सापडलेल्या तीन थडग्यांवरून, कारण त्यांवरील मृत्यूच्या तारखा जानेवारी व एप्रिल १८४६ च्या आहेत. प्रत्यक्ष तेथे असलेल्या अधिकाऱ्यांनी सही केलेल्या कागदातही वर्ष चुकू शकते. म्हणून एकाच कागदावर आधारलेल्या नोंदीपुढे खूण करून ठेवावी आणि दुसरा स्वतंत्र पुरावा मिळेपर्यंत ती खूण काढू नये.

नंतर लिहिलेल्या आठवणींनाही हाच नियम लावावा. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये उत्तरेत गेले आणि झाशीचा वेढा त्यांनी शहरात राहून पाहिला. त्यांनी ते लिहून काढले पंचवीसेक वर्षांनी आणि छापून आले १९०७ मध्ये. अशा साधनांसाठी लिहिल्याची आणि छापल्याची वर्षेही नोंदवावीत. त्यातील वर्णनाचे मोल त्यामुळे कमी होत नाही, पण नेमक्या तारखांसाठी दुसरीकडे पाहावे लागते.

शोध लागला म्हणजे केव्हा?

वैज्ञानिक नोंदींना किमान तीन तारखा असतात: निरीक्षण, गणित अथवा लेखन, आणि जाहीर वाचन किंवा प्रकाशन. एव्हरेस्टच्या शिखराची निरीक्षणे १८४९-५० मध्ये झाली. गणिताला पुढील काही वर्षे लागली. २९,००२ फूट ही उंची महासर्वेक्षक अँड्र्यू वॉ यांनी १८५६ मध्ये जाहीर केली. मुख्य गणक राधानाथ सिकदार यांनी १८५२ मध्ये धावत येऊन जगातील सर्वोच्च शिखर सापडल्याचे सांगितले, ही कथा सर्वश्रुत आहे. सिकदार यांचे श्रेय निर्विवाद असले, तरी त्या धावत येण्याला कालपटात पक्क्या शाईने जागा देऊ नये.

वॉलेस आणि डार्विन यांच्या बाबतीत टपालाच्या तारखाच निर्णायक ठरतात. वॉलेस यांनी नैसर्गिक निवडीविषयीचा आपला निबंध फेब्रुवारी १८५८ मध्ये मोलुक्का बेटांत लिहिला. तो मिळाल्याचे डार्विन यांनी आपले स्नेही भूशास्त्रज्ञ लायेल यांना कळवले ते १८ जून रोजी. आणि १ जुलैला दोघांचे लेखन लंडनच्या लिनियन सोसायटीत एकत्र वाचले गेले. त्या संध्याकाळी डार्विन तान्ह्या मुलाच्या मृत्यूमुळे अनुपस्थित होते आणि वॉलेस न्यू गिनीच्या किनाऱ्यावर होते, जेथे त्यांना या सभेची वार्ताही नव्हती. वॉलेस यांची संमती घेतली होती का, हा प्रश्न चर्चेत वारंवार येतो. टपालाला लागणारे महिने मांडून पाहिल्यास ती त्या मुदतीत मिळणेच अशक्य होते, हे एका ओळीत स्पष्ट होते.

आरंभी उल्लेख केलेल्या वादळालाही अशीच दुसरी बाजू आहे. नेपच्यूनच्या शोधाशी ज्यांचे नाव जोडलेले आहे त्या ले व्हेरिये यांनी फ्रेंच सरकारच्या सांगण्यावरून त्या दिवसांतील युरोपभरच्या हवामानाच्या नोंदी गोळा केल्या. वादळ युरोप ओलांडून क्रिमियाकडे सरकत गेले होते आणि तारेने त्याची पूर्वसूचना देता आली असती, हे त्यांतून दिसले. १८५५ पासून फ्रान्समध्ये तारेने जोडलेल्या हवामान केंद्रांची योजना आकाराला आली. ब्रिटनमध्ये हे काम १८५४ पासून रॉबर्ट फिट्झरॉय यांच्याकडे होते, म्हणजे डार्विन ज्या ‘बीगल’वरून जगप्रदक्षिणेस गेले तिच्याच कप्तानाकडे. ऑक्टोबर १८५९ मध्ये ‘रॉयल चार्टर’ हे जहाज वादळात फुटून चारशेहून अधिक माणसे गेली आणि १८६१ मध्ये फिट्झरॉय यांनी बंदरांना वादळाचे इशारे देण्यास सुरुवात केली.

जहाजाचा माग

तक्ता मोठा होऊ लागला की एखादे जहाज निवडून त्याच्या सर्व ओळी एका रंगात रंगवाव्यात. मी ऑस्ट्रियाच्या ‘नोव्हारा’पासून सुरुवात करण्याचा सल्ला देईन. नाव १८४९ मधील लढाईच्या विजयावरून ठेवलेले. १८५७ च्या एप्रिलअखेर हे जहाज वैज्ञानिकांना घेऊन त्रिएस्तहून पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले आणि ऑगस्ट १८५९ मध्ये परतले. त्याच वर्षी ऑस्ट्रियाचे फ्रान्सशी युद्ध जुंपले होते, पण वैज्ञानिक संग्रह असल्यामुळे ‘नोव्हारा’ला हात लावू नये, अशी आज्ञा फ्रेंच नौदलाला देण्यात आली होती. त्या संग्रहातील कोकाच्या पानांवरून गटिंगेन येथे आल्बर्ट नीमान यांनी कोकेन वेगळे केले. पुढे १८६४ मध्ये याच जहाजाने सम्राट होण्यासाठी निघालेल्या मॅक्सिमिलियन यांना मेक्सिकोला नेले. आपली सीमा १८६५ असली, तरी १८६६ मधील लिस्साच्या नाविक लढाईतही ते होते, एवढे टिपून ठेवण्यास हरकत नाही.

नोंद कोणाची

शेवटचा रकाना भरण्याचा कंटाळा येतो, पण तोच सर्वांत उपयोगी पडतो. फ्रँकलिन यांच्या माणसांचे काय झाले, हे शोधप्रवासी जॉन रे यांना १८५४ मध्येच आर्क्टिकमधील मूळ रहिवासी इनुइट लोकांकडून कळले होते: उपासमार, पायी चालत कोसळलेली माणसे आणि अखेरीस नरमांसभक्षण. रे यांचा अहवाल लंडनच्या वृत्तपत्रांत २३ ऑक्टोबर १८५४ रोजी आला, बालाक्लावाच्या दोनच दिवस आधी. इनुइटांची साक्ष विश्वसनीय नाही, असा गहजब झाला आणि युद्धात गुंतलेल्या सरकारने पुढील शोधाचा खर्च नाकारला. फ्रँकलिन यांच्या पत्नीने काढलेल्या मोहिमेला वर वर्णन केलेली चिठ्ठी १८५९ मध्ये मिळाली. जहाजे मात्र २०१४ आणि २०१६ मध्ये सापडली, आणि शोधाची जागा ठरवताना इनुइटांची सांगीव माहिती उपयोगी पडली. अशा नोंदीसाठी ‘मान्य केव्हा झाली’ हा आणखी एक रकाना जोडावा लागतो.

तक्ता भरून झाल्यावर तो आधी घटनेच्या तारखेनुसार लावून वाचावा, नंतर बातमीच्या तारखेनुसार. मग दोन तारखांमधील दिवसांच्या अंतरानुसार, मोठ्यात मोठे अंतर वर येईल असा लावावा. वर ध्रुवप्रदेशातील आणि मध्य आशियातील नोंदी येतील, ज्यांत ऑगस्ट १८५७ मध्ये काश्गरला ठार झालेले जर्मन शोधप्रवासी ॲडॉल्फ श्लागिंटवाइट असतील; त्यांच्या मृत्यूची खात्री पुढे रशियन सेवेतील कझाक अधिकारी चोकान वालिखानोव यांनी व्यापाऱ्याच्या वेषात तेथे जाऊन करून घेतली. तळाशी तारयंत्राजवळच्या नोंदी असतील. या यादीच्या मधल्या भागात, म्हणजे तीन ते दहा आठवड्यांच्या अंतराच्या नोंदींत, त्या काळातील बहुतेक युद्धविषयक निर्णय सापडतात, म्हणून पुढील वाचन तेथून सुरू करावे.